अर्धी प्यायलेली बाटली आणि किनाऱ्यावरचं प्लास्टिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याची एक बाटली म्हणजे खरं तर चार वस्तू: पाणी, बाटली, झाकण आणि लेबल. विकत घेताना त्या एकत्र असतात. फेकल्यावर मात्र प्रत्येकीची वाट वेगळी होते. खालचे बरेचसे प्रश्न याच फाटाफुटीतून निघतात.

बाटलीत थोडं पाणी राहिलं आणि ती तशीच कचऱ्यात टाकली, तर एवढं काय बिघडतं?

सगळ्यात जास्त इथेच बिघडतं, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. अर्धा लिटरच्या रिकाम्या बाटलीचं वजन १० ते १५ ग्रॅम असतं. तिच्यात पाव लिटर पाणी राहिलं की तीच बाटली पाव किलोपेक्षा जड होते. अशा शंभर बाटल्या म्हणजे दीड किलो प्लास्टिक आणि २५ किलो पाणी. गोणी फाटते, गाडी लवकर भरते आणि वाहतूक होते ती मुख्यतः पाण्याची.

वर्गीकरण केंद्रातली यंत्रं बाटली ओळखून हवेच्या झोताने तिला बाजूला उडवतात. तो झोत रिकाम्या बाटलीच्या वजनाला पुरेल एवढाच असतो. जड बाटली जागची हलत नाही आणि नाकारलेल्या मालात जाते. हाताने वर्गीकरण होत असेल, तर प्रत्येक झाकण फिरवून पाणी ओतायला वेळ कुणाकडे नसतो. गासडी बांधताना घट्ट झाकणाची बाटली चेपत नाही. दाब वाढला की झाकण गोळीसारखं सुटतं आणि पाणी शेजारच्या कागदावर सांडतं. भिजलेल्या कागदाचा भावही पडतो.

म्हणजे पुनर्वापराला योग्य असलेली बाटली केवळ दोन घोट पाण्यामुळे पुरणभरावात, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, जाऊ शकते.

मग उरलेलं पाणी कुठे ओतायचं?

पिण्याचंच पाणी आहे. झाडाला घाला, हात धुवा, फरशीच्या बादलीत ओता. किनाऱ्यावर असाल तर कोरड्या वाळूवर ओता, त्याने काही बिघडत नाही. सरबत किंवा शीतपेय असेल तर मात्र वाळूवर नको, त्यावर मुंग्या आणि माश्या येतात. तोंड लावलेल्या बाटलीतलं पाणी दुसऱ्याला प्यायला देऊ नका. बाकी कामांना ते चालतं.

सीलबंद आहे, पण तारीख उलटून गेली आहे. फेकायचं का?

पाणी नासत नाही. ती तारीख मुख्यतः चवीची आणि बाटलीच्या अवस्थेची असते. पेट, म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकमधून वायू आणि वास हळूहळू आतबाहेर होतात. म्हणून रंग, पेट्रोल किंवा फिनेलशेजारी ठेवलेल्या सीलबंद पाण्यालाही तो वास लागतो. जुन्या साठ्यातलं पाणी धुण्यापुसण्याला वापरा आणि बाटल्या रिकाम्या करून द्या. अख्खा खोका न उघडता कचऱ्यात गेला, तर वर सांगितलेली अडचण आणखी वाढते.

साठा लागणारच असेल, तर आधी आलेला खोका आधी निघेल अशी मांडणी करा. नवे खोके जुन्यांच्या वर रचले की खालचे वर्षभर खालीच राहतात. फुकट जाणाऱ्या सीलबंद पाण्याचं नेहमीचं कारण इतकं साधं असतं.

उन्हात गाडीत राहिलेल्या बाटलीतलं पाणी विषारी होतं म्हणतात. खरं?

एका दुपारीत नाही. पेट बनवताना अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचं संयुग वापरतात आणि उष्णतेने ते किंचित पाण्यात उतरतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाटल्या वेगवेगळ्या तापमानाला ठेवल्या होत्या. तिथली पिण्याच्या पाण्यातल्या अँटिमनीची मर्यादा १०० कोटी भागांत ६ भाग अशी आहे. ती ओलांडायला ६० अंश सेल्सियसला १७६ दिवस लागले, ८० अंशांना मात्र सव्वादोन दिवसांच्या आसपास. म्हणजे आठवडाभर गाडीत राहिलेलं पाणी ओतून देण्याचं कारण विष हे नसून चव हे आहे. तरी खोके महिनोन्‌महिने उन्हात रचून ठेवणं ही वाईटच सवय.

एक लिटर बाटलीबंद पाण्यामागे खरं किती पाणी लागतं?

कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटचा अंदाज असा, की बाटली बनवण्यापासून सगळं धरलं तर एका लिटरमागे सुमारे तीन लिटर लागतात. कारखाना, बाटलीचं वजन आणि शुद्धीकरणाची पद्धत यांनुसार हा आकडा हलतो. गाळणीत किती पाणी वाया जातं यावर बरंच अवलंबून असतं. याच संस्थेतल्या पीटर ग्लाइक आणि हेदर कूली यांनी २००९ साली ऊर्जेचाही हिशेब मांडला: प्रति लिटर ५.६ ते १०.२ मेगाज्यूल. लांबून वाहून आणलेलं पाणी या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असतं, कारण पाणी जड आहे आणि ते दाबून लहान करता येत नाही.

कार्यक्रम संपल्यावर अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा ढीग उरतो. लोक बेफिकीर असतात म्हणून का?

थोडंफार. पण मांडणीच बहुतेक वेळा चुकलेली असते. प्रत्येक खुर्चीवर बाटली ठेवली की तहान नसलेला माणूसही सील तोडतो. चहाला उठून परत आल्यावर दहा सारख्या बाटल्यांतली आपली कोणती ते कळत नाही, मग तो नवी उघडतो. पाणी कोमट झालं की तेच. आणि हातात पिशवी नसेल, तर निघताना बाटली खुर्चीखाली राहते.

उपाय त्याच क्रमाने करता येतात. बाटल्या मांडू नका, मागणाऱ्याला द्या. द्यायच्याच असतील तर टेबलावर दोरीने मार्कर बांधा आणि झाकणावर नाव लिहायला सांगा. एवढ्या एका गोष्टीने फरक दिसतो. त्याहून बरं म्हणजे नळाचे २० लिटरचे जार आणि धुता येतील असे २०० मिलिलिटरचे पेले. पेला लहान हवा. मोठ्या पेल्यातही पाणी उरतंच.

पाण्याचा अंदाज: सावलीत बसून असलेल्या माणसाला तासाला पाव लिटर, उन्हात काम करणाऱ्याला तासाला अर्धा ते पाऊण लिटर. किनारा-सफाईला ५० माणसं तीन तास असतील, तर ५० × ०.५ × ३ म्हणजे ७५ लिटर. चार जार घ्या आणि पाचवा न उघडता ठेवा, कडक ऊन असेल तर लागेल.

जारमध्ये काय चुकतं तेही सांगून ठेवतो. लोक स्वतःच्या बाटलीचं तोंड नळाला टेकवतात, म्हणून नळाखाली किमान १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. जार उन्हात ठेवतात. आणि दोन कार्यक्रमांच्या मधे नळ धूतच नाहीत. नळ काढून, एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा बिनवासाचं घरगुती ब्लीच या मिश्रणाने जार आणि नळ दोन्ही ओले करा, अर्धा मिनिट थांबा, मग पिण्याच्या पाण्याने विसळा.

शेवटी एक मोजमाप. खुणा केलेल्या बादलीत सगळं उरलेलं पाणी ओतून किती लिटर झालं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी खरेदी ठरवताना हा आकडा कुठल्याही भाषणापेक्षा जास्त कामाला येतो.

बाटली देताना झाकण लावायचं की काढायचं?

रिकामी करा, चेपा, आत हवा राहू न देता झाकण परत लावा. पूर्वी बऱ्याच ठिकाणी झाकण वेगळं मागायचे आणि काही ठिकाणी आजही मागतात, तेव्हा माल घेणाऱ्याला एकदा विचारा. लावून देण्यामागचं कारण घनतेचं आहे. पाण्याची घनता १ धरली, तर बाटली पेटची, घनता सुमारे १.३८. झाकण पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, घनता ०.९ ते ०.९६. दोन्हींचा चुरा करून पाण्याच्या टाकीत टाकला की पेट बुडतं, झाकण तरंगतं. वेगळं करायला माणूस लागत नाही. सुटं झाकण मात्र इतकं लहान असतं, की चाळण्यांतून खाली पडून बारीक कचऱ्यात जातं.

युरोपीय संघात ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेली असणं बंधनकारक आहे. पिताना नाकाला टोचतं अशी तक्रार होते. ती खरी आहे, पण झाकण गच्च मागे वळवलं की बसतं.

किनाऱ्यावर बाटल्यांपेक्षा झाकणं जास्त दिसतात, ती का?

कारण वर सांगितलेली घनताच. झाकण लावलेली बाटली, अगदी पाण्याने भरलेली असली तरी, समुद्रात तरंगते. आतलं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं आणि गळ्याशी थोडी हवा असते. झाकण निघालं की बाटलीत खारं पाणी शिरतं आणि ती तळाला जाते. झाकण तेवढं तरंगत किनाऱ्याला लागतं. म्हणून किनाऱ्यावरची झाकणं मोजली, तर न दिसणाऱ्या बाटल्यांची थोडी कल्पना येते. नुसत्या बाटल्या मोजणारी नोंद कायम कमी भरते.

या बाटल्या येतात कुठून? सगळ्या पर्यटकांच्याच का?

नाही. काही तिथेच टाकलेल्या, काही नाल्या-नद्यांतून पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर आलेल्या, काही जहाजांवरून फेकलेल्या. ओळखायला बाटलीच सांगते. लेबल शाबूत, प्लास्टिक पारदर्शक, झाकणाचा रंग ताजा: स्थानिक आणि अलीकडची. लेबल गेलेलं, प्लास्टिक दुधाळ, वर शिंपले किंवा कालवांसारखे जीव चिकटलेले: बराच काळ पाण्यात होती. तळाशी किंवा गळ्याजवळ छापलेली उत्पादनाची तारीख आणि लिपी नक्की पाहा.

दक्षिण अटलांटिकमधल्या इनॅक्सेसिबल या निर्जन बेटावर संशोधकांनी अशाच तारखा तपासल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत बहुतेक नव्या बाटल्या आशियात बनलेल्या होत्या आणि त्यांचं वय दोन वर्षांहून कमी होतं. एवढ्या वेळात त्या आशियातून वाहत पोचणं शक्य नाही, म्हणजे जवळून जाणाऱ्या जहाजांवरून टाकलेल्या. जहाजांनी समुद्रात प्लास्टिक टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८च्या अखेरीपासून बंदी आहे.

बाटली कुजायला ४५० वर्षं लागतात ना?

फलकांवर हा आकडा फार दिसतो. पेटच्या बाटलीचं पेटंट १९७३चं, नॅथॅनियल वायथ यांचं. म्हणजे अशी बाटली ४५० वर्षं कुणी पाहिलेली नाही. हा केवळ अंदाज आहे. नक्की माहीत आहे ते असं: ऊन आणि उष्णता प्लास्टिकचे रेणू तोडतात, ते ठिसूळ होतं, वाळू आणि लाटा त्याचे तुकडे करतात. तापलेल्या वाळूवर हे लवकर होतं, थंड अंधाऱ्या तळावर फार सावकाश. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. तुकडे होणं म्हणजे कुजणं नव्हे.

पेट खाणारा जिवाणू २०१६ साली जपानी संशोधकांनी जाहीर केला, हेही अनेकजण विचारतात. तो प्रयोगशाळेत ३० अंशांना पातळ, कमी स्फटिकी फिल्म सहा आठवड्यांत खातो. बाटलीचं ताणलेलं प्लास्टिक त्याला जड जातं. त्याच्या भरवशावर राहू नये.

किनारा-सफाईला कोणती वेळ धरावी?

भरतीचं वेळापत्रक आधी, सोयीचा वार नंतर. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. भरती ओसरू लागल्यावर दोन तासांनी सुरू करा. वाळू उघडी पडलेली असते, कचऱ्याची ताजी रेघ दिसते आणि पाणी परत चढायला वेळ असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी वरपर्यंत येऊन जुना कचराही झुडपांपर्यंत नेतं. उधाण गेल्यावर दोन-तीन दिवसांत गेलात तर वरच्या रेघेवर भरपूर सापडतं.

चुकतं कुठे, तर सगळे ओल्या वाळूवर पाण्याच्या कडेने चालतात. कचरा तिथे कमी असतो. तो वरच्या दोन रेघांत आणि वनस्पतींच्या बुडाशी अडकलेला असतो.

साहित्य काय लागतं?

तळव्याला रबर किंवा नायट्राइलचा थर असलेले हातमोजे, बंद बूट, लांब चिमटे. पातळ पिशव्यांपेक्षा १० ते १५ लिटरच्या बादल्या बऱ्या: वाऱ्याने उडत नाहीत, फाटत नाहीत आणि स्वतः कचरा होत नाहीत. बादल्या पुढे धुतलेल्या गोणीत रित्या करा. एका गोणीत १० ते १२ किलोच भरा. ओली वाळू मिसळून २५ किलोची गोणी झाली, की ती उचलायला कुणी पुढे येत नाही आणि संध्याकाळी तिथेच राहते. टोकदार वस्तूंसाठी जाड भिंतीचा, फिरकीच्या झाकणाचा डबा. वजनाचा टांगता काटा. प्रथमोपचार पेटी.

तिघांची टोळी सोयीची पडते: दोघं वेचणारे, एक लिहिणारा. गाडी कचरा घेऊन नक्की कुठे जाणार, हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं. ते ठरलं नसेल, तर सफाई पुढे ढकला. रेघेवर पसरलेल्या कचऱ्यापेक्षा किनाऱ्यावर रचून ठेवलेला ढीग पुढच्या भरतीला सोपा जातो.

वाळूत द्रव भरलेली बाटली सापडली. उघडायची का?

आधी बघा. सील शाबूत आणि पाणी स्वच्छ असेल तर उघडून ओता. पिऊ मात्र नका. द्रव पिवळसर असेल, तर गाडी किंवा जहाज चालवणाऱ्याने लघवीसाठी वापरलेली बाटली असू शकते. फेसाळ, तेलकट किंवा दोन थरांत वेगळा झालेला द्रव असेल तर इंधन किंवा रसायन समजा. बाटली फुगलेली असेल तर आत दाब आहे. अशा तिन्ही बाटल्या न उघडता वेगळ्या बादलीत, सावलीत ठेवा आणि घातक कचरा म्हणून द्या. उघडताना तोंड नेहमी स्वतःपासून दूर, वाऱ्याच्या दिशेने.

कशाला हात लावायचा नाही?

गॅसच्या टाक्या, सीलबंद पिंपं, जहाजांचे संकटाची खूण करणारे धूर-बाण, मेलेले प्राणी. दूर उभं राहून खूण करा आणि यंत्रणेला कळवा. सुया चिमट्याने उचलता येतात, पण डबा हातात धरून नव्हे, जमिनीवर ठेवून. अर्धं पुरलेलं जाळं ओढून काढू नका. दिसेल तेवढं कापून घ्या, नाहीतर पाठ आणि वाळूची घडण दोन्ही बिघडतात.

वाहून आलेलं समुद्रशेवाळ आणि लाकूड तिथेच राहू द्या. त्यावर किडे जगतात, किड्यांवर पक्षी, आणि वाळूही त्याने धरून राहते. कासवं अंडी घालतात त्या काळात वरच्या कोरड्या पट्ट्यात फावडं आणि दाताळं वापरायचं नाही. सफाईची यंत्रंही याच कारणाने जपून वापरावीत. ती प्लास्टिकबरोबर शेवाळ आणि घरटी दोन्ही खरवडतात.

किनाऱ्यावरच्या बाटल्यांचा पुनर्वापर होतो का?

होतो, पण नव्या बाटल्या बनण्याइतका दर्जा क्वचित उरतो. वाळू चुरा करणाऱ्या यंत्राची पाती झिजवते. उन्हाने प्लास्टिक पिवळं पडतं आणि त्याचे रेणू तुटून ताकद जाते. अशा मालाचे बहुधा धागे किंवा पट्ट्या होतात. तुमच्या हातात एवढं आहे: आत-बाहेर वाळू झटका, समुद्राच्याच पाण्याने एकदा विसळा, पारदर्शक आणि रंगीत वेगळं ठेवा, ठिसूळ झालेल्या बाटल्या बाजूला काढा. पीव्हीसीच्या वस्तू मिसळू देऊ नका. तिची घनता पेटच्या इतकी जवळ असते, की टाकीत ती वेगळी होत नाही, आणि पेट वितळवायच्या तापमानाला ती जळून सगळा माल काळा-पिवळा करते.

बारीक तुकडे कसे गोळा करायचे?

कोरड्या वाळूवर, पाच मिलिमीटर जाळीच्या चाळणीने, वरची दोन-तीन सेंटिमीटरच. ओली वाळू चाळणीत गोळा होऊन बसते. मोजणी करायची असेल, तर ५० × ५० सेंटिमीटरची चौकट ठेवून तेवढाच भाग घ्या. बादलीभर समुद्राच्या पाण्यात वाळू ढवळली की झाकणांचे तुकडे आणि कच्च्या प्लास्टिकचे दाणे वर येतात, चहाच्या गाळणीने उचला. बाटलीचे तुकडे मात्र वाळूबरोबर खालीच राहतात. पाणी मिठाने संपृक्त केलं तरी त्याची घनता १.२ च्या आसपासच जाते आणि पेट तरंगत नाही. ते डोळ्यांनीच वेचावे लागतात.

मक्यापासून बनवलेली बाटली समुद्रात विरघळते ना?

नाही. तिचं प्लास्टिक, म्हणजे पीएलए, औद्योगिक खतनिर्मितीच्या उष्ण ढिगात कुजतं, जिथे ५८ अंशांच्या आसपास तापमान टिकवलेलं असतं. समुद्रात ते तापमान नाही. शिवाय ती पेटच्या मालात मिसळली तर तो माल बिघडतो. लेबलवरचं हिरवं पान बघून ती किनाऱ्यावर सोडू नका.

जाळून किंवा पुरून टाकलं तर?

जाळू नका. उघड्या आगीत धूर विषारी होतो आणि वितळलेला गोळा वाळूत मुरून बसतो. पुरलेलं पुढच्या वादळात वर येतं.

महिन्याभरात कचरा परत तेवढाच होतो. मग नोंद तरी कशाला?

परत किती झाला हे नोंदीशिवाय कळत नाही, म्हणून. एकच १०० मीटरचा पट्टा निवडा, दोन्ही टोकांना न हलणाऱ्या खुणा ठरवा आणि वर्षातून चार वेळा तिथलंच सगळं मोजा. ईशान्य अटलांटिकच्या देशांची ओस्पार पद्धत अशीच चालते. बाटल्या, सुटी झाकणं, झाकणाखालची कडी आणि लेबलं वेगळी लिहा. वजनावर विसंबू नका, ओली वाळू त्यात घुसते. नग मोजा. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९८६ साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय किनारा-सफाईही पहिल्यापासून नगांचीच नोंद ठेवत आली आहे.

चार नोंदी हातात आल्या की प्रश्न बदलतो. पावसानंतर बाटल्या वाढत असतील, तर काम किनाऱ्यावर नसून नाल्याच्या तोंडाशी आहे, तिथे तरंगता अडसर लावून आठवड्याला रिकामा करावा लागेल. सुट्ट्यांनंतर वाढत असतील, तर वाटेवरची कचरापेटी भरून वाहते का आणि पाणी भरून घ्यायला नळ आहे का, ते बघा. बाटल्या कमी होऊन झाकणं तेवढीच राहिली, तर बाटल्यांवर अनामत रक्कम सुरू झाली आहे का ते तपासा. अशा योजनेत लोक बाटली परत नेतात, सुटं झाकण नेत नाहीत.